आधी टाकी, मग पंप : जुन्या पद्मिनीच्या पेट्रोलचा हिशेब

शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी पद्मिनी बाहेर काढावी, चालती करावी, असे अलीकडे आमच्या अनेक व्यापारीबंधूंच्या मुलांना वाटू लागले आहे. ज्या गाडीतून बाप-आजोबांनी कापडाच्या गाठी नेल्या, लग्नाचे वऱ्हाड नेले, ती भंगारात द्यायला जीव होत नाही हे खरे. पण नवी बॅटरी बसवली, टायर बदलले, चार लिटर पेट्रोल ओतले आणि सेल्फ मारला की काम झाले, असे समजणाऱ्यांचे पैसे कुठे वाया जातात आणि धोका कुठे लपलेला असतो, हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलो आहे. मी मेकॅनिक नाही, कापडवाला आहे. इथे जे लिहितो आहे ते उस्तादांच्या शेजारी उभे राहून पाहिलेले आणि आपल्या खिशातून भरलेले आहे.

आमची गाडी अब्बांनी १९८६ साली घेतलेली. या गाडीचे मूळ इटलीच्या फियाट ११०० डी या मॉडेलात. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ साली ती 'डिलाइट' म्हणून आणली आणि १९७० च्या दशकात तिचे नाव 'पद्मिनी' झाले. इंजिन १०८९ सी.सी.चे, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. २००० च्या सुमारास कारखान्यातले उत्पादन थांबले आणि मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. म्हणजे या गाडीचा कोणताही सुटा भाग आज 'नवा' म्हणून मिळाला, तरी तो किती नवा आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नये. त्याबद्दल पुढे सांगतो.

१९९४ च्या मे महिन्यातली गोष्ट. नाशिकच्या एका ठोक व्यापाऱ्याला शाळेच्या गणवेशाच्या कापडाचे नमुने दाखवायचे होते. दुपारी १२ ची वेळ ठरलेली. भिवंडीहून आम्ही सकाळी लवकर निघालो, पण वाटेत शहापूरला एका देण्याघेण्यात वेळ गेला आणि कसारा घाट लागला तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. दुसऱ्या गिअरमध्ये चढता चढता गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. पुढे ट्रकांची रांग, मागे ट्रकांची रांग. अब्बांनी बॉनेट उघडून पंपाला बोट लावले आणि लगेच मागे घेतले. म्हणाले, "पंप तापलाय. ओले फडके दे."

मी नमुन्यांच्या गठ्ठ्यातला मांजरपाटाचा एक तुकडा ओढला आणि त्यावर सुरईतले पाणी ओतले. पाणी अळवावरून घरंगळावे तसे खाली गेले. त्या घाईतही अब्बा हसले. "अरे, मागावरून उतरलेला माल तो. त्याची खळ कुठे निघालीय? तो पाणी कसा पिणार?" मग त्यांनी खांद्यावरचा शंभरदा धुतलेला सुती रुमाल भिजवून पंपाभोवती गुंडाळला. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली, दोन-तीन किलोमीटर गेली आणि पुन्हा थांबली. असे चार वेळा झाले. नाशिकला पोहोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते आणि गणवेशाची ऑर्डर दुसऱ्याच्या वहीत गेली होती.

त्या काळी फियाट किंवा अॅम्बॅसॅडर चालवणाऱ्या प्रत्येकाला ओल्या फडक्याचा हा उपाय ठाऊक होता. तो का चालतो हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. पद्मिनीची पेट्रोलची टाकी गाडीच्या मागच्या बाजूला आणि पंप पुढे इंजिनाच्या ब्लॉकला लावलेला. इंजिनाचा कॅमशाफ्ट फिरला की पंपाचा दांडा वर-खाली होतो, दांड्याने आतली रबरी कापडाची चकती खाली ओढली जाते आणि टाकीतून पेट्रोल खेचले जाते. मग खालची स्प्रिंग चकतीला वर ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सारी नळी पंप चोखत असतो. चोखताना नळीतला दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी उष्णतेतच उकळते. घाटात गाडी हळू, इंजिनावर भार जास्त, वारा नाही. पंप आणि नळी तापली की आत वाफेचे बुडबुडे होतात. पंप पेट्रोल ओढण्यासाठी केलेला आहे, वाफ ओढण्यासाठी नाही. तो हलत राहतो आणि पुढे काही जात नाही. ओल्या कापडातले पाणी उडताना उष्णता घेऊन जाते, पंप थंड होतो, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. टेरिकॉटचे फडके लावले तर काम तितके होत नाही, कारण ते पाणी धरत नाही. हा एक मुद्दा तरी मी माझ्या धंद्याच्या अधिकाराने सांगू शकतो.

एका संध्याकाळी गल्लीत

अब्बा गेल्यावर २००९ पासून गाडी उभीच होती. २०२३ साली मुलाने हट्ट धरला. गावातल्या एका मेकॅनिकने पाहून सांगितले की जुना पंप गेला आहे, तसा मिळणार नाही, इलेक्ट्रिक पंप टाकू, "एकदम पॉवरफुल." त्याने इंजेक्शनच्या नव्या गाडीचा पंप कुठून तरी आणला, नळीत जोडला आणि तार थेट चावीला दिली. गाडी सुरू झाली. मुलगा खूश, मीही खूश.

चौथ्या-पाचव्या दिवशी मुलाने गाडी आमच्या गोदामाच्या गल्लीत उभी केली. इंजिन बंद पडले होते, पण चावी चालूच राहिली. मी आतून पेट्रोलच्या वासाने बाहेर आलो. बॉनेटखालून टपटप नव्हे, धार लागली होती. पंप घूं-घूं करत चालू, कार्बोरेटर भरून वाहतो आहे, पेट्रोल गरम इंजिनावरून खाली गटारीत चालले आहे. चार पावलांवर गोदामात ग्रे कापडाची दोनशे थाने आणि शेजारी चालू यंत्रमागांची शेड. कोणाच्या हातात बिडी नव्हती, एवढेच आमचे नशीब. चावी काढली, वाळू टाकली, माग बंद करवले. त्या रात्री झोप लागली नाही.

चूक काय झाली ती समजून घ्या, कारण ही चूक आज अनेक ठिकाणी होत आहे. पेट्रोल किती जाते आणि किती दाबाने जाते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टायरमध्ये आपण पौंडांत हवा भरतो, तेच माप घ्या. कार्बोरेटरच्या गाडीला अडीच-तीन पौंड दाब पुरतो. फार तर साडेतीन-चार. कार्बोरेटरच्या आत एक तरंगणारा फ्लोट असतो. भांडे भरले की तो वर येऊन एका सुईने वाट बंद करतो. ती सुई एवढाच दाब अडवू शकते. इंजेक्शनच्या गाडीचा पंप ४० पौंड आणि त्याहून जास्त दाब देतो. त्याच्यापुढे ही सुई म्हणजे पुराला लावलेली कडी. जुना पंप कधीच असे करत नव्हता, कारण त्याचा दाब आतल्या स्प्रिंगएवढाच. भांडे भरले की चकती खालीच थांबते आणि दांडा रिकामा हलत राहतो. शिवाय इंजिन थांबले की पंप थांबतो. तारेवर चालणाऱ्या पंपाला हे शहाणपण बाहेरून द्यावे लागते.

आता किती पेट्रोल लागते तेही पाहा. गाडी तासाला ६० किलोमीटर धावत असेल आणि लिटरला १२ किलोमीटर देत असेल, तर तासाला ५ लिटर झाले. पाय पूर्ण दाबून घाट चढलात तरी या इंजिनाला तासाला १५ लिटरच्या आसपासच लागेल. कमी दाबाचा लहानात लहान इलेक्ट्रिक पंपसुद्धा याच्या कितीतरी पट देतो. मग 'पॉवरफुल' पंप कशासाठी हवा? गिऱ्हाइकाला सदऱ्याला अडीच मीटर लागत असेल आणि दुकानदार त्याच्या गळ्यात पूर्ण थान घालत असेल, तर त्याला आपण काय म्हणतो?

"विहिरीत गाळ आहे"

त्यानंतर मी गाडी कल्याण रस्त्यावरच्या एका वयस्क उस्तादांकडे नेली. चाळीस वर्षे फियाटवर हात बसलेला माणूस. मी म्हटले, "उस्ताद, चांगला पंप सांगा, पैशाचे बघू." त्यांनी पंपाकडे पाहिलेही नाही. डिकी उघडली, टाकीचे झाकण काढले, वास घेतला आणि म्हणाले, "सेठ, विहिरीत गाळ आहे आणि तुम्ही मोटार बदलताय. कितीही मोटारी लावा, जळतीलच. आधी टाकी उतरवू."

टाकीतून जे निघाले ते पेट्रोल म्हणवत नव्हते. चहाच्या रंगाचे, वार्निशच्या वासाचे, तळाशी गंजाचा लाल रवा. चौदा वर्षे टाकी अर्धी रिकामी राहिली की प्रत्येक पावसाळ्यात आत दमट हवा शिरते, रात्री थंडाव्याने पाणी सुटते आणि पत्रा वरच्या अर्ध्या भागात गंजतो. ज्यांच्या गाड्या मध्यंतरी सी.एन.जी.वर होत्या त्यांच्या टाक्यांचीही हीच दशा असते, कारण पेट्रोल नावापुरते भरलेले असते. हा गंज बारीक होऊन जाळीत, फिल्टरमध्ये, पंपाच्या झडपांत आणि शेवटी कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. म्हणून दर महिन्याला जेट साफ करणारे लोक आजाराऐवजी तापाला औषध देत असतात.

त्यात आता पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. २००३ साली महाराष्ट्रासह ९ राज्यांत ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास सुरुवात झाली. २०२२ साली देशाने १० टक्के गाठले आणि २०२५ साली २० टक्के. उसाच्या मळीपासून, धान्यापासून काढलेले हे इथेनॉल. शेतकऱ्याला दाम मिळतो, परदेशी तेल कमी आणावे लागते, याबद्दल आमची तक्रार नाही. पण १९८६ ची गाडी हे प्यायला बनवलेली नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, नरम करते. टाकीत वर्षानुवर्षे चिकटलेला चिकटा सुटा करून पुढे पाठवते. हवेतले पाणी शोषून घेते आणि शोषण्याची हद्द झाली की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. पंपाची नळी तर तळातूनच ओढते. रोज चालणाऱ्या गाडीत ही वेळ येत नाही. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत येते, आणि आपल्या जुन्या गाड्या उभ्याच राहतात. शिवाय इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ताकद कमी आणि त्याला जळायला हवाही कमी लागते. म्हणून जुन्या जेटवर इंजिनाला मिश्रण पातळ मिळते आणि ते तापते. उस्तादांनी शेवटी आमचा मेन जेट किंचित मोठा केला, तेव्हा चढावरचे आचके गेले.

टाकी साफ करण्याचा प्रकार मी रोज संध्याकाळी जाऊन पाहत होतो. पहिल्या दिवशी त्यांनी टाकी उघड्यावर नेली, पेट्रोल पत्र्याच्या डब्यात काढले आणि पोराला बजावले की आजूबाजूला स्टोव्ह, बिडी, चालू ग्राइंडर काही नको. मग गरम पाणी आणि साबणाची पावडर घालून आठ-दहा वेळा खळखळून धुतली. नंतर आतला काटा दाखवणारा फ्लोट व पितळी भाग काढून ठेवले, तोंडे बंद केली आणि उसाची मळी एक भाग व पाणी नऊ भाग असे मिश्रण काठोकाठ भरून दोन आठवडे ठेवले. वास असा की शेजारी भांडायला आले. पण मळी गंज विरघळवते आणि चांगल्या पत्र्याला फारसे खात नाही. तेजाबाने काम एका तासात होते, पण तेजाब गंजाबरोबर पत्राही घेऊन जाते. घाई असेल तर धुण्याचा सोडा पाण्यात घालून बॅटरी चार्जरने गंज काढण्याची पद्धतही आहे. त्यात आत सोडायचा तुकडा साध्या लोखंडाचाच हवा, स्टेनलेसचा नको, त्यातून विषारी पाणी तयार होते. मळी काढल्यावर पुन्हा धुऊन, गरम हवेने लगेच सुकवून, तेल मिसळलेले थोडे पेट्रोल आत फिरवले. ओली टाकी तासभर तशीच ठेवली तर गंज पुन्हा धरतो.

इथे आमच्या कारागीर बंधूंना एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असली की ती भडकते, आणि रिकाम्या टाकीत नेमके तेवढेच राहते. ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसून राहते. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका तरुण वेल्डरने 'कालच रिकामी केलीय' एवढ्या भरवशावर टाकीला गॅसची ज्योत लावली. टाकीचा तळ उडून छपराला लागला. मुलगा वाचला, पण उजव्या हाताची तीन बोटे आजही मिटत नाहीत आणि ज्या हाताने तो बारीक झाळ मारी त्या हाताने आता तो दुकानात चहा देतो. उस्ताद धुतलेल्या टाकीवरही ज्योत लावत नाहीत. भोकाच्या खालपर्यंत पाणी भरून ठेवतात, म्हणजे वाफेला जागाच राहत नाही. मग दुसऱ्या खोलीत तापवलेल्या तांब्याच्या ठोकळ्याने कथलाचा डाग देतात. अर्धा दिवस जास्त जातो. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी मागायला कारागिराने लाजू नये आणि ती द्यायला आपण कुरकुरू नये.

आतून लावायचा एक लेपही बाजारात मिळतो. उस्तादांचे मत त्याविरुद्ध आहे आणि मला ते पटले. जुन्या जातीचे लेप इथेनॉलने नरम होऊन साय सुटावी तसे सुटतात आणि नळीच्या तोंडावर बसतात. पत्रा चांगला असेल तर लेपाची गरज नाही आणि चाळणी झाला असेल तर लेपाने धरणार नाही.

आमची टाकी दोन ठिकाणी चाळणीच निघाली. म्हणून नवी करावी लागली, आणि हे काम करणारे हात आपल्याच वस्तीत आहेत याचा मला आनंद झाला. हॉटेलांसाठी स्टेनलेसच्या टाक्या, काउंटर करणारा एक कारागीर मिळाला. त्याच्याकडे आर्गॉनचे वेल्डिंग होते. पहिल्यांदा त्याने जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा सुचवला, स्वस्त पडेल म्हणून. उस्तादांनी ठाम नकार दिला. इथेनॉल जस्ताला खाते आणि पांढरी भुकटी होऊन जेट बुजतात. शेवटी दीड मिलिमीटर स्टेनलेस ठरले. जुन्या टाकीचे माप जसेच्या तसे घेतले, कारण बसायची जागा तीच. आत भोके पाडलेल्या दोन आडव्या पट्ट्या घातल्या. त्या नसतील तर वळणावर पेट्रोल एका बाजूला धावते, नळीचे तोंड उघडे पडते आणि गाडी आचके देते. ओढायची नळी तळापासून सेंटिमीटरभर वर ठेवली, म्हणजे खाली बसलेले पाणी ओढले जाणार नाही. ते काढायला तळाशी एक बोल्ट दिला. कार्बोरेटरजवळून परत येणारी एक बारीक नळीही टाकीत सोडली, त्यामुळे पेट्रोल फिरत राहते, तापत नाही, आणि वाफ झाली तरी ती टाकीत परत जाते. गळती तपासताना कारागीर कॉम्प्रेसरचा पाइप लावायला निघाला होता. उस्तादांनी सायकलचा पंप मागवला. सपाट पत्र्याला दोन-तीन पौंडांहून जास्त हवा दिली तर तो पोळीसारखा फुगतो. साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहिले, आणि एक सांधा पुन्हा मारावा लागला.

मग पंप

टाकी झाल्यावर पंपाची पाळी. उस्ताद म्हणाले, गाडी आठवड्यातून दोनदा चालणार असेल आणि शहरातच फिरणार असेल, तर जुना मेकॅनिकल पंपच नव्या चकतीने बांधून द्यावा, यापेक्षा चांगले काही नाही. मात्र चकती कोणती? मी कुर्ल्याच्या बाजारातून मूळ पाकिटातले 'कंपनीचे' किट आणले होते. पाकीट कडक, शिक्का जुना, मला वाटले सोने मिळाले. उस्तादांनी चकती बोटांत वाकवली, कडेला बारीक चिरा पडल्या. रबराचे वय पाकिटात बंद असतानाही वाढते. आपल्याकडे गोदामात दहा वर्षे पडलेल्या इलॅस्टिकच्या पट्टीचे काय होते? कापड टिकते, रबर जाते. पितळी झडप, दांडा, स्प्रिंग जुनी चालेल. चकती, होज पाइप, सील हे आजच्या पेट्रोलला टिकणारे आणि ताजेच हवे. ही चकती फाटली तर पेट्रोल बाहेर न पडता इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरू शकते. ऑइल पातळ होते आणि बेअरिंग जातात. म्हणून ऑइलची पट्टी काढली की नुसती पातळी पाहू नये, वासही घ्यावा. पातळी आपोआप वाढलेली दिसली तर ती बरकत नव्हे.

आमची गाडी महिन्यातून एकदा निघते आणि मुलाला ती नाशिकला न्यायची असते. म्हणून आम्ही कमी दाबाचा, कार्बोरेटरसाठी केलेला इलेक्ट्रिक पंप घेतला. तो पुढे इंजिनाजवळ न बसवता मागे टाकीशेजारी, टाकीच्या पातळीच्या खाली आणि सायलेन्सरपासून दूर बसवला. असे पंप ओढण्यापेक्षा ढकलण्यात हुशार असतात. मागून ढकलले की सारी नळी दाबाखाली राहते आणि घाटात बुडबुडे होण्याचे मूळच जाते. पंपाआधी जाड जाळीचा फिल्टर, पंपानंतर बारीक. जुना पंप मधून काढून त्याच्या जागी पट्टी मारली. काही जण जुना पंप तसाच ठेवून त्यातूनच पेट्रोल नेतात. पुढे चकती फाटली तर इलेक्ट्रिक पंप सगळी टाकी इंजिनात ओतेल.

तारेचे काम मी उभे राहून करून घेतले, गल्लीतली ती संध्याकाळ डोळ्यांपुढे होती. पंपाचा करंट फ्यूज आणि रिलेतून जातो आणि रिले ऑइलच्या दाबाच्या स्विचला बांधलेला आहे. इंजिन बंद पडले, ऑइलचा दाब गेला, की पंप बंद, चावी चालू राहिली तरी. सेल्फ मारताना मात्र त्याला थेट करंट मिळतो, नाहीतर गाडी सुरूच होणार नाही. शिवाय धक्का बसला की तार तोडणारा एक स्विच लावला आहे, टक्कर झाली तर पंप थांबावा म्हणून. या दोन स्विचांना मिळून जो खर्च आला तो कापडाच्या एका थानाच्या किमतीहून कमी होता.

सगळा खर्च जोडला तर सर्वांत मोठा आकडा टाकीचा, त्यानंतर मजुरी, मग नळ्या, क्लिपा आणि फिल्टर. पंप त्यांच्याही खाली. आणि मी सुरुवात पंपापासून केली होती. पहिल्या मेकॅनिकचे पैसे, दोनदा जळालेल्या तारा आणि वाया गेलेले पेट्रोल वेगळेच.

जुने भाग मी टाकलेले नाहीत. २०२१ साली केंद्र सरकारने पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. तिच्यासाठी गाडी मूळ रूपात हवी, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला चालत नाही. आमच्या गाडीला ती पात्रता २०३६ साली येईल. तोवर नियम काय होतात आणि कोण राहते कोण नाही कोणास ठाऊक, पण अब्बांच्या हातचा पंप तेल लावून, कापडात गुंडाळून कपाटात आहे. ज्या पट्टीने त्याची जागा बुजवली ती दोन बोल्ट काढले की निघते. जे काही कराल ते उलटे फिरवता येईल असे करा, हे उस्तादांचे म्हणणे मला सर्वांत आवडले.

गेल्या मे महिन्यात मुलगा आणि मी कसारा घाट चढलो. दुपारचे साडेबारा. ट्रकांची रांग तशीच. गाडी एकदाही थांबली नाही. इगतपुरीला चहाला उतरलो तेव्हा मात्र मागे टाकीतून 'पुक्' असा आवाज आला आणि मी घाबरलो. झाकण उघडले तर हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज. झाकणाचे हवेचे बारीक छिद्र धुळीने बुजले होते. पेट्रोल कमी होत गेले, हवा आत येईना आणि टाकीचा पत्रा आत ओढला गेला. आणखी थोडे गेलो असतो तर गाडी बंद पडली असती आणि आम्ही पंपाला शिव्या दिल्या असत्या. पिन घालून छिद्र मोकळे केले. ज्यांना टाकी कारागिराकडे न्यायची आहे त्यांनी जुने झाकणही बरोबर घेऊन जावे.